फिट तीन मिनिटांची, शाळा पाच तासांची

वर्गात एखाद्या मुलाला फिट आली की पुढे महिनाभर त्या शाळेत एकच वाद चालतो. पालक विचारतात, नाकात औषधाचे चार फवारे मारायला बाईंचे काय जात होते? शिक्षक विचारतात, उद्या काही बरेवाईट झाले तर आमच्यामागे कोण उभे राहणार? मुख्याध्यापक दोघांनाही न दुखावता सुटका करून घेतात: ‘मुलाला काही झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही’ असे हमीपत्र पालकांकडून लिहून घेतले जाते, नाहीतर शाळा सुटेपर्यंत आईने व्हरांड्यात बसून राहावे असे ठरते. एक बाजू शिक्षकांच्या निर्दयपणावर बोलते, दुसरी त्यांच्यावरच्या ओझ्यावर. ज्या मुलावरून हे सारे चालले आहे ते शिकते आहे का, हे मात्र कोणी विचारत नाही.

अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, असलेल्या मुलाची जागा नेहमीच्या वर्गातच आहे, आणि त्याला तिथे नीट सांभाळायला शिक्षकाने डॉक्टर होण्याची गरज नाही, असे माझे ठाम मत आहे. अशा प्रत्येक मुलासाठी डॉक्टरांच्या सहीचे एक पानी कृतिपत्रक, शाळेत शिकवून तयार केलेली दोन माणसे, आणि अभ्यास-परीक्षेत त्या मुलाच्या आजाराचा व औषधांचा विचार, एवढे हवे. बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. शाळा पाच-सहा तासांची असते. भांडण त्या तीन मिनिटांवर होते आणि मुलाचे मोठे नुकसान उरलेल्या तासांत होते. हे काही दुर्मीळ मुलांपुरते नाही. भारतात दर हजारी साधारण पाच जणांना अपस्मार असतो, म्हणजे चारशे पटाच्या शाळेत अशी एक-दोन मुले असणारच. नीट निदान आणि औषध मिळाले तर शंभरातल्या सत्तरपर्यंत रुग्णांच्या फिट पूर्ण थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातली बरीच मुले शाळेत कोणाला न कळता शिकून बाहेर पडतात.

शिक्षकांची बाजू आधी मान्य करू, कारण ती खोटी नाही. मतदार यादी, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचा हिशेब, त्यात द्विशिक्षकी शाळा असेल तर एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता. फिट आलेल्या मुलाजवळ तो बसला तर बाकीच्यांकडे कोण बघणार? फवाऱ्यातले मिडाझोलाम हे गुंगी आणणारे औषध आहे आणि जास्त मात्रेत ते श्वास मंदावते, ही भीतीही खरी आहे. पण या अडचणींतून ‘म्हणून मूल नको’ हा निष्कर्ष कसा निघतो? शालेय पोषण आहाराची योजना 1995 साली आली आणि 2001 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शाळेत शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले, तेव्हाही शिक्षकांनी हेच म्हटले होते, की शिकवायचे की खिचडी शिजवायची? प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर म्हणून स्वयंपाकी आणि मदतनीस नेमले गेले. मुलांना उपाशी ठेवा असे कोणी म्हटले नाही. ओझे खरे असेल तर मागणी मदतीची करावी. मुलाला दाराबाहेर ठेवून ओझे हलके करायचे नसते.

फिटच्या वेळी करायच्या गोष्टी इतक्या साध्या आहेत की त्या न शिकवण्याला सबब उरत नाही. सर्वांत आधी घड्याळ बघायचे. भेदरलेल्या माणसाला एक मिनिट पाच मिनिटांसारखे वाटते, आणि पुढचे सगळे निर्णय वेळेवर अवलंबून असतात. बाके सरकवायची, कारण डोके फुटते ते बाकाच्या लोखंडी पायावर आपटून. डोक्याखाली दप्तर किंवा घडी केलेला स्वेटर, चष्मा काढून बाजूला, टाय आणि गळ्याचे बटण सैल. हातपाय दाबून धरायचे नाहीत. दाबल्याने फिट थांबत नाही, खांदा निखळू शकतो. झटके कमी झाले की, आणि तोंडातून फेस किंवा उलटी येत असेल तर लगेच, मुलाला कुशीवर वळवायचे, म्हणजे लाळ बाहेर वाहते आणि श्वासनलिकेत जात नाही. तोंडात काहीही घालायचे नाही: चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. जीभ गिळली जात नाही. ती चावली जाते ती फिटच्या पहिल्या काही सेकंदांत, जबडा आवळला जातो तेव्हाच. नंतर घातलेल्या चमच्याने फक्त दात तुटतात, आणि घातलेले बोट शिक्षकाचे असेल तर तेही जायबंदी होते. कांदा, चप्पल, हातात किल्ल्यांचा जुडगा, यांनी फिट थांबल्यासारखी वाटते ती केवळ तिची वेळ संपलेली असते म्हणून. या उपायांत गेलेला वेळ कुशीवर वळवण्याचा असतो, हा त्यांचा खरा तोटा. पाच मिनिटे उलटली, शुद्ध न येता दुसरी फिट सुरू झाली, डोक्याला मार लागला, फिट पाण्यात आली, किंवा त्या मुलाची ही पहिलीच फिट असली, तर 108 ला फोन. बाकी वेळा गरज असते शेजारी बसून राहणाऱ्या माणसाची. लघवी झाली असेल तर अंगावर चादर, बाकीची मुले व्हरांड्यात, आणि कपाटात त्या मुलाचा एक जादा गणवेश. मुलाला पुन्हा वर्गात पाऊल टाकणे सोपे जाते ते या गणवेशामुळे.

आता फवारा. तो फक्त लांबलेल्या फिटसाठी असतो, साधारणपणे पाच मिनिटे उलटल्यावर, आणि ज्याच्या डॉक्टरांनी लिहून दिला आहे त्याच मुलासाठी. नाकातून द्यायची मिडाझोलामची मात्रा किलोमागे 0.2 मिलिग्रॅम, वीस किलोच्या मुलाला चार मिलिग्रॅम, निम्मी एका नाकपुडीत, निम्मी दुसऱ्या. एका फवाऱ्यात अर्धा मिलिग्रॅम औषध असेल तर हे आठ फवारे होतात. चूक होते ती इथेच. घाबरलेला माणूस एक-दोन फवारे मारतो, ‘औषध दिले पण उतार पडला नाही’ असे सांगतो, आणि पुढच्या वेळी कोणी ते द्यायलाच धजत नाही. म्हणून कृतिपत्रकावर मिलिग्रॅमबरोबर फवाऱ्यांची संख्या ठळक अक्षरांत लिहिलेली हवी, आणि मुलाचे वजन वाढेल तशी दरवर्षी जूनमध्ये बदललेली हवी. बाटली मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद कपाटात आणि किल्ली मुख्याध्यापकांबरोबर पंचायत समितीच्या बैठकीला, असेही होते. श्वास मंदावण्याचा धोका एका योग्य मात्रेत थोडा असतो, लांबलेल्या फिटचा धोका त्याहून कितीतरी मोठा. दुसरी मात्रा शाळेने द्यायची नाही. तोवर रुग्णवाहिका निघालेली असली पाहिजे.

‘आमच्यावर गुन्हा दाखल झाला तर?’ बारा वर्षांखालील मुलाच्या भल्यासाठी, पालकांच्या संमतीने, सद्भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम 27 मध्ये संरक्षण आहे. संमती घेणेच शक्य नसताना माणसाच्या हितासाठी केलेल्या कृतीला कलम 30 मध्ये आहे. दोन्ही तरतुदी जुन्या दंडसंहितेतही होत्या. विभागीय चौकशीची भीती मात्र या कलमांनी जात नाही, आणि त्यावर शिक्षक संघटनांनी अडून बसावे असे मला मनापासून वाटते: कृतिपत्रकाप्रमाणे वागलेल्या शिक्षकावर कारवाई होणार नाही, असे शासनाने लेखी द्यावे. हमीपत्राने हे साधत नाही. त्यात पालक शाळेला मोकळे करतात, पण कोणी काय करायचे याची एक ओळही नसते, आणि प्रसंग आला की शिक्षक पुन्हा एकटाच उभा असतो. शिकवायला नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून निवडायचेच आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 साली पालघरहून झाली. त्याच्या तपासणी यादीत फिटचा आजार पहिल्यापासून आहे आणि त्याचे डॉक्टर वर्षातून एकदा शाळेत येतातच. त्या भेटीतला एक तास आणि केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेतले दोन तास एवढे पुरे आहे. अमेरिकेत केंटकी राज्याने 2018 मध्ये अशा प्रशिक्षणाचा कायदाच केला, आणि इंग्लंडमध्ये 2014 च्या कायद्याने आजारी विद्यार्थ्यांसाठी व्यवस्था करणे हे शाळेचे कर्तव्य ठरवले.

एवढे झाले तरी मुलाचे अर्धेच काम झाले. कारण काही फिट अशा असतात की त्या कोणाला दिसतच नाहीत. चार ते दहा वयोगटातल्या काही मुलांना दिवसातून कितीतरी वेळा पाच ते वीस सेकंदांची ‘शून्यात बघण्याची’ फिट येते. मूल पडत नाही, थरथरत नाही. बोलता बोलता थांबते, पापण्या किंचित फडफडतात, आणि काही घडलेच नाही अशा थाटात पुढे सुरू होते. प्रगतिपुस्तकावर शेरा येतो, ‘वर्गात लक्ष नसते’. त्याची श्रुतलेखनाची वही उघडून पाहा. बाईंनी सांगितले, ‘पावसाळ्यात नदीला पूर येतो आणि गावाचा रस्ता बंद होतो.’ वहीत आहे, ‘पावसाळ्यात नदीला रस्ता बंद होतो.’ अक्षर नीट, शुद्धलेखन नीट, मधले चार शब्द गायब, आणि पानावर असे तीन-चार ठिकाणी. अभ्यासात कच्च्या मुलाच्या चुका अशा नसतात. त्याचे शब्द चुकतात, अडखळतात, पण वाक्याचा मधलाच तुकडा असा कापल्यासारखा जात नाही. स्वप्नात हरवलेले मूल हाक मारली किंवा खांद्याला हात लावला की भानावर येते. या फिटमधले मूल येत नाही, आणि ती वाक्याच्या मध्येच, घास तोंडाशी नेतानाही येते. जोरजोरात श्वास घेतल्याने ती उद्भवते. डॉक्टर तपासताना मुलाला तीन मिनिटे भिरभिऱ्यावर फुंकर मारायला लावतात ती त्यासाठीच. म्हणून निदान झालेल्या मुलाला परिपाठात भस्त्रिका किंवा कपालभाती करायला लावू नये. शिक्षकाने स्वतः ही परीक्षा घेऊ नये, पण आपण काय पाहिले ते पालकांना सांगावे. नेमके सांगावे, कारण एका प्रकारच्या फिटवर चालणारे कार्बामाझेपिन या प्रकारात फिट वाढवते. ‘फिट येते’ एवढ्या दोन शब्दांवर औषध ठरले तर मूल आणखी मागे पडते.

दुसऱ्या एका प्रकारात मुलगा अर्धे-एक मिनिट ओठ चाटतो, शर्टाची बटणे चाळवतो, उठून चालू लागतो, हाकेला ओ देत नाही. याला उद्धटपणा समजून मार बसतो. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने मारणे बंद केले, ते कोणत्याही मुलाच्या बाबतीत. पण इथे तर शिक्षा आजाराला होते. त्याला धरून बसवू नये. जिना आणि रस्ता यांच्यापासून हलकेच दुसरीकडे वळवावे. फिट कशी होती हे कळायला शिक्षकाच्या फोनवरचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण डॉक्टरांना फार उपयोगी पडते, कारण दोन फिटच्या मधल्या काळात मेंदूचा आलेख बऱ्याचदा अगदी सामान्य येतो. मान कोणत्या बाजूला वळली, झटके आधी कोणत्या हाताला आले, एवढे जरी त्यात दिसले तरी खूप. मात्र चित्रण पालकांना देऊन लगेच पुसून टाकायचे. ते वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेले तर त्या मुलाच्या आयुष्यात शाळेने केलेली ती सर्वांत मोठी इजा ठरेल.

औषधांचे तसेच. फेनोबार्बिटोन स्वस्त आहे, तालुक्याच्या गावीही मिळते, आणि त्याने काही मुले पेंगतात तर काही उलट चंचल होतात. टोपिरामेटने नेमका शब्द सुचत नाही, तोंडी परीक्षेत उत्तर येत असून मूल गप्प राहते. व्हॅल्प्रोएटने हात थरथरू शकतो आणि अक्षर बिघडते. लेव्हेटिरासिटामने चिडचिड वाढते. यातली कोणतीही गोष्ट ‘ढ’ किंवा ‘हट्टी’ या शिक्क्याखाली सहज जाते. औषध बदलल्याची तारीख पालकांनी वर्गशिक्षकांना कळवली आणि गुणांची घसरण त्याच महिन्यात सुरू झालेली दिसली, तर ती माहिती डॉक्टरांसाठी मोलाची असते. शाळेत गोळी द्यायची वेळच येऊ नये म्हणून दिवसातून दोनदा घ्यायचे औषध मिळेल का, हे पालकांनी विचारावे. गोळी चुकते ती बहुधा शनिवारी, कारण सकाळच्या शाळेला धावताना न्याहारी राहते आणि तिच्याबरोबर गोळीही. उपवासाच्या दिवशीही तेच.

झोपेबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे. किशोरवयात, बारा ते अठराच्या दरम्यान, सुरू होणाऱ्या एका प्रकारात सकाळी उठल्यावर हाताला झटके येतात: कप सांडतो, ब्रश उडतो, कंपास हातातून निसटते. घरचे त्याला धांदरटपणा म्हणतात. जागरण झाले की त्याच सकाळी मोठी फिट येते. 2024 साली राज्य शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगितले, मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून. योग्यच केले. पण झोपमोडीने ज्यांना सर्वाधिक फिट येतात ती आठवी-नववी-दहावीची मुले त्यात नाहीत. दोन सत्रांच्या शाळेत अशा मुलाला दुपारचे सत्र द्यायला कोणता निधी लागतो?

पालकांचा सर्वांत जड मुद्दा वेगळाच आहे: शाळेला सांगितले तर गावभर होईल, आणि मुलगी असेल तर लग्न जमणार नाही. ही भीती हवेतून आलेली नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात 1976 च्या दुरुस्तीने वारंवार येणारा अपस्मार विवाहाच्या अटींमध्ये वेडाच्या जोडीला लिहिला गेला. तो शब्द 1999 साली काढला गेला. म्हणजे आजच्या शाळकरी मुलांच्या बऱ्याच आजीआजोबांची लग्ने त्या अटीखाली झाली. तरीही लपवण्याने भीती टळत नाही, कारण लपवलेल्या आजाराला कृतिपत्रक नसते, आणि फिट एक दिवस भर मैदानात स्वतःच सगळ्यांना सांगते. मधली वाट आहे: माहिती वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, क्रीडाशिक्षक आणि आरोग्यदूत यांच्यापुरती, पाकिटात बंद. वर्गातल्या मुलांना मात्र आजार म्हणून दहा मिनिटे सर्वसाधारण सांगावे, कोणाचे नाव न घेता: हा लागट नाही, डबा वाटून खाल्ल्याने होत नाही. आपल्याकडे मुलांच्या फिटचे एक मोठे कारण मेंदूतली जंताची गाठ आहे; त्या जंताची अंडी न धुतलेल्या भाजीतून शाकाहारी घरातही जातात. जेवणाआधी हात धुण्याचा धडा याच्याशी जोडून दिला तर मुले दोन्ही गोष्टी लक्षात ठेवतात.

‘अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा काढा’ असे काही जण कळवळ्याने म्हणतात. इंग्लंडने 1899 साली असा कायदा केला होता आणि तीव्र अपस्माराच्या मुलांसाठी निवासी शाळा निघाल्या. पण तेव्हा हाताशी ब्रोमाइड या जुन्या औषधाशिवाय फारसे काही नव्हते. फेनोबार्बिटोन 1912 मध्ये आले, फेनिटॉइन 1938 मध्ये. औषध नव्हते म्हणून जी भिंत बांधली गेली, ती औषध आल्यावर कशासाठी? खेळाचेही असेच. इंग्लंडचा कर्णधार टोनी ग्रेग आणि दक्षिण आफ्रिकेचा जाँटी ऱ्होड्स, दोघांनाही अपस्मार होता. कबड्डी, खो-खो, धावणे चालेल. पोहताना मात्र केवळ त्याच्यावर डोळा ठेवणारा माणूस हवा, उंचावर चढणे नको, प्रयोगशाळेत स्पिरिटचा दिवा जोडीदाराच्या हाती. कोकणातल्या सहलीला त्याला नेऊ नये असे नाही. समुद्रात किती जायचे आणि रात्री किती वाजता झोपायचे, हे ठरलेले असावे.

परीक्षेचा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत अपस्माराचे नाव नाही. त्यामुळे जादा वेळ मागणाऱ्या पालकांना ‘दिव्यांग प्रमाणपत्र आणा’ असे सांगितले जाते आणि ते मिळत नाही. बहुतेक मुलांना त्या प्रमाणपत्राची गरजही नाही. ती वर्षभर कोणत्याही सवलतीविना शिकतात. अडचण एवढीच, की फिट पेपरच्या वेळी आली तर शुद्ध आल्यावरही अर्धा तास, कधी कितीतरी अधिक वेळ, डोके सुन्न असते आणि पाठ असलेलेही आठवत नाही. राज्य मंडळाने उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या पत्रावर तीन गोष्टी मान्य कराव्यात: फिटमध्ये आणि त्यानंतर गेलेला वेळ भरून देणे, त्यासाठी वेगळी खोली, आणि पेपर देणे अशक्यच झाले तर त्या विषयाची पुरवणी परीक्षा नापासाचा शेरा न लागता. पत्र परीक्षेचा अर्ज भरतानाच जोडलेले असावे. कृतिपत्रकाची एक प्रत केंद्रसंचालकांकडे, फवारा पारदर्शक पिशवीत मुलाच्या बाकावर, आणि पर्यवेक्षकाला पहिल्या दिवशी पेपर वाटण्याआधी सांगितलेले असावे, म्हणजे पेपर चालू असताना कोणी ती पिशवी कॉपी समजून काढून घेणार नाही.